बाबांची वही: कोविड वॉर्डात ऑक्सिजन सगळ्यांनी पाहिला, शुगर कुणी पाहिली?

वैदर्भी_न (नागपूर)

परवा आईचं कपाट आवरताना २०२१ ची वही हाती लागली. शंभर पानी, आखीव. बाबा भरती होते तेव्हा आई घरी बसून त्यात लिहायची. दादा दिवसातून चार वेळा वॉर्डात फोन लावायचा, तिकडून जे सांगतील ते मोठ्यानं म्हणायचा आणि आई टिपून घ्यायची. तिनं पट्टीनं दोन रकाने आखले होते. डावीकडे 'ऑक्सिजन', उजवीकडे 'साखर'.

डावा रकाना काठोकाठ भरलाय. ९१, ९२, ८८, पुढे तिच्या अक्षरात 'मास्क वाढवला', मग ९०, ९३. बारा दिवसांच्या अठ्ठेचाळीस नोंदी. उजव्या रकान्यात फक्त तीन आकडे आहेत. ३१२. २८६. मग पाच दिवस काहीच नाही. शेवटी ३४०, आणि त्यापुढे 'सिस्टर म्हणाल्या औषधानं वाढते, कमी होईल'.

बाबा तेव्हा ५८ वर्षांचे. डायबेटिस नऊ वर्षांचा, रोज दोन गोळ्या. त्याआधी कधी भरती झाले नव्हते. १ मार्च २०२१ पासून साठच्या खालच्यांना लस सुरू झाली ती फक्त ठराविक आजारांसाठी. त्या यादीत दहा वर्षांच्या वरचा किंवा गुंतागुंत झालेला डायबेटिस होता, तोही सोबत ब्लड प्रेशरचे उपचार चालू असतील तर, म्हणजे बाबा त्यात बसत नव्हते. १ एप्रिलपासून ४५ च्या वरच्या सगळ्यांना मोकळी झाली, आम्ही ८ तारखेची वेळ घेतली आणि ६ तारखेला त्यांना ताप आला.

दोन दिवस बेड शोधण्यात गेले. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात मिळाला. बाबांना ऑक्सिजन लागला, स्टेरॉइड सुरू झालं, ते वाचले. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण सुट्टीच्या कार्डावर स्टेरॉइडच्या गोळ्या आणखी वीस दिवस लिहिल्या होत्या आणि साखरेपुढे एवढंच होतं, 'नेहमीची औषधे चालू ठेवा'. घरी आल्यावर बाबांना सारखी तहान लागायची. आम्हाला वाटायचं, उन्हाळा आहे. मे महिन्यातलं नागपूर, कुणाला लागत नाही तहान?

१३ मे ला त्यांचा उजवा गाल दुखायला लागला. वरची दाढ हलतेय म्हणाले. शेजारच्या काकूंकडून ग्लुकोमीटर आणला, तर आकडाच येईना, नुसतं 'हाय' दाखवत होता. पुढचं इथे अनेकांना माहीत असेल. म्युकर, म्हणजे काळी बुरशी. उजवा वरचा जबडा आणि टाळूचा अर्धा भाग काढावा लागला. डोळा थोडक्यात वाचला.

वही समोर ठेवून हे लिहून राहिले आहे. डायबेटिस असलेला माणूस कोविडमध्ये भरती झाला तर नेमकं कशानं बिघडत होतं? आणि तो उजवा रकाना भरला असता तर काही वेगळं झालं असतं का? रुग्णालयानं भरला नाही हे खरंच आहे. पण चार वेळा फोन लावणाऱ्या आम्हीही रोज ऑक्सिजनच विचारत होतो. डॉक्टर, सिस्टर, घरचे, ज्यांनी हे जवळून पाहिलं त्यांनी कृपया लिहा.

---

धंतोलीकर

तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. आमच्या घरात आई आणि मोठे काका एकाच आठवड्यात भरती झाले. दोघांचा सीटी स्कोअर, म्हणजे फुप्फुस किती बिघडलं त्याचा आकडा, सारखाच, पंचवीसपैकी ११. काकांना शुगर नाही, नवव्या दिवशी घरी. आईला पंधरा वर्षांची शुगर, ती बायपॅपवर, म्हणजे मास्कमधून जोरानं हवा देणाऱ्या मशिनवर गेली आणि बत्तिसाव्या दिवशी घरी आली. तेव्हा हा फरक आम्ही नशिबावर टाकला होता. धागा वाचतोय.

---

सिस्टर_अजनी

मी त्या दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात होते. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ताई, तुमची वही वाचून पोटात कालवलं, कारण ती उजवी बाजू आमच्याकडून राहिली. बरेचदा राहिली.

११ मार्च २०२० ला नागपुरात पहिला पेशंट सापडला, तेव्हा आम्हाला भीती होती ती संसर्गाची. वर्षभरानं, एप्रिल २०२१ मध्ये, भीती होती ऑक्सिजनची. सिलिंडरचा काटा खाली यायला लागला की आमचं दुसरं कशात लक्षच राहायचं नाही. माझ्या पाळीला चौतीस पेशंट आणि आम्ही दोघी. ग्लुकोमीटर एक. पीपीई किटमध्ये हातावर दोन-दोन ग्लोव्हज, चष्म्यावर वाफ, त्यात पेशंटची बोटं थंडगार. टोचलं तरी रक्ताचा थेंब येत नाही. बोट चोळायचं, पुन्हा टोचायचं, तोवर पलीकडच्या बेडचा मॉनिटर ओरडायला लागतो. मग पट्टी वाया जाते. एका रात्री पट्ट्याच संपल्या आणि सकाळपर्यंत आल्या नाहीत.

चौतिसातले बाराएक तरी शुगरवाले. एचजीटीचा, म्हणजे बोट टोचून घेतलेल्या शुगरचा चार्ट दिवसातून चारदा भरायचा असा नियम. प्रत्यक्षात सकाळची, उपाशीपोटीची तेवढी व्हायची. आणि स्टेरॉइडवरच्या माणसाची सकाळची शुगर बरी दिसते हो! १६०, १७०. राउंडला डॉक्टर तो आकडा बघून पुढे जायचे. त्याच पेशंटची संध्याकाळी पाचला घेतली तर ४१० निघायची.

जेवणाचंही सांगते, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. घरून डबे यायचे. प्रेमानंच यायचे. पण वरच्या पिशवीत संत्र्याच्या ज्यूसच्या बाटल्या. व्हिटॅमिन सी म्हणून. नागपूरच ते, संत्र्याला कोण नाही म्हणणार? सोबत नारळपाणी, गूळ घातलेला काढा, अशक्तपणा नको म्हणून ग्लुकोजची पावडर. एका आजोबांच्या उशाशी मी दिवसाला सहा बाटल्या ज्यूस मोजला. जेवण जात नव्हतं, तोंडाला चव नव्हती, म्हणून ते दिवसभर तेच पीत होते. घरच्यांना फोन केला तर सून रडायला लागली, "सिस्टर, तेवढंच तर जाते त्यांच्या पोटात."

आणि याची उलट बाजूही पाहिली. सातला इन्सुलिन दिलं, जेवणाची गाडी आली साडेनऊला. बेड १९ च्या काकांना दरदरून घाम, बोलणं अडखळतंय. सगळ्यांना वाटलं ऑक्सिजन उतरला. ऑक्सिमीटर लावला तर ९४. मग शुगर घेतली, ४६. साखरपाणी पाजलं, वीस मिनिटांत उठून बसले. त्या रात्रीपासून मी एक शिकले. पेशंट गडबडला की दोन मशिनं लावायची, एक नाही.

---

एमडी_मेडिसिन

सिस्टरांनी लिहिलेलं अक्षरन् अक्षर खरं आहे. मी तेव्हा निवासी डॉक्टर होतो. वैदर्भीताईंच्या प्रश्नाला जमेल तसं उत्तर देतो, थोडं लांबेल.

पहिल्याच लाटेत जगभरातून आकडे यायला लागले होते. फ्रान्समध्ये 'कोरोनाडो' नावाचा अभ्यास झाला. १० ते ३१ मार्च २०२० या तीन आठवड्यांत ५३ केंद्रांत कोविडसाठी भरती झालेले १३१७ डायबेटिसचे रुग्ण त्यात होते, सरासरी वय सत्तरच्या आसपास. सातव्या दिवसापर्यंत त्यातले २९ टक्के एकतर व्हेंटिलेटरवर गेले होते किंवा दगावले होते. दहातला एक दगावला होता. पुढे तोच अभ्यास २७९६ रुग्णांपर्यंत वाढवून २८ दिवसांचा निकाल पाहिला, तेव्हा पाचातला एक गेलेला होता आणि निम्मे घरी परतले होते.

इंग्लंडनं तर सगळा देशच मोजला. १ मार्च ते ११ मे २०२० या काळात रुग्णालयांत कोविडनं झालेल्या २३,६९८ मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना डायबेटिस होता. वय, लिंग, आर्थिक परिस्थिती वगैरे धरूनही टाइप २ असेल तर धोका साधारण दुप्पट आणि टाइप १ असेल तर साडेतीनपट निघाला.

चीनच्या हुबेई प्रांतातला अभ्यास मात्र तुमच्या उजव्या रकान्याबद्दलच आहे. टाइप २ डायबेटिसचे ९५२ रुग्ण. ज्यांची साखर भरती असताना साधारण ७० ते १८० च्या दरम्यान राहिली, त्यांच्यात मृत्यू १.१ टक्का. ज्यांची त्याच्या वर जात राहिली, त्यांच्यात ११ टक्के. आता यात एक मेख आहे आणि ती लपवणं बरोबर नाही. जो जास्त आजारी असतो त्याची साखरही जास्त चढते. त्यामुळे दहापटीचा सगळा फरक साखरेनंच केला असं म्हणता येत नाही. पण साखर हातात ठेवण्यासारखी गोष्ट होती, वय नव्हतं.

कारणं अनेक, एकमेकांत गुंतलेली. मोठा संसर्ग झाला की शरीर कॉर्टिसॉल, अॅड्रेनलिन सोडतं आणि ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. साखर चढली की जंतूंना खाणाऱ्या पांढऱ्या पेशी सुस्तावतात, पण सूज वाढवणारी रसायनं उतू जातात. म्हणजे लढणारे कमी आणि आग जास्त. रक्त गोठण्याकडे कल वाढतो. त्यात बऱ्याच जणांच्या किडन्या, हृदय, बारीक रक्तवाहिन्या आधीच झिजलेल्या. आणि या सगळ्यावर आम्ही स्टेरॉइड देत होतो.

स्टेरॉइड चूक नव्हतं, हे ठासून सांगतो. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या 'रिकव्हरी' चाचणीनं दाखवलं की डेक्सामेथासोन दिल्यानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. पण ते कसं दिलं होतं? दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा झालाच नाही. आपल्याकडे घरी बसलेल्या, ९७ ऑक्सिजन असलेल्या माणसानंही ते घेतलं, आणि सुट्टीनंतर वीस-वीस दिवस घेतलं. कार्डावर तसं लिहिलेलं मी स्वतः पाहिलंय.

स्टेरॉइडनं आधी चढते ती जेवणानंतरची साखर. म्हणून उपाशीपोटीचा एकच आकडा फसवतो. सिस्टरांचा १६० आणि ४१० हा त्याचाच नमुना. वॉर्डात साखर साधारण १४० ते १८० मध्ये ठेवायची आणि १८० च्या वर राहायला लागली की इन्सुलिन सुरू करायचं, हे कोविडच्या आधीपासून ठरलेलं होतं. नवं काहीच शोधायचं नव्हतं. माणसं आणि वेळ नव्हता.

---

वर्धेकर

म्युकरचं वाचलं म्हणून लिहितो. मे २०२१ मध्ये अँफोटेरिसिनच्या, म्हणजे या बुरशीवरच्या इंजेक्शनसाठी मी वर्धा-नागपूर अशा किती चकरा मारल्या, मोजल्या नाहीत. मावसभावाला रोज अनेक वायल लागायच्या. मिळायच्या कधी चार, कधी दोन. नंतर ते इंजेक्शन आमच्या वर्ध्यातच तयार व्हायला लागलं, तेव्हा फाटकाबाहेर उभा राहून मला रडू आलं होतं. भाऊ आहे. एक डोळा नाही. दुकानात बसतो.

पण डॉक्टरसाहेब, ही बुरशी शुगरवाल्यांनाच का पकडून राहिली होती?

---

एमडी_मेडिसिन

बुरशी सगळीकडेच असते. मातीत, शिळ्या भाकरीवर, कूलरच्या ओल्या गवतावर. धडधाकट माणसाच्या नाकात बीजाणू गेले तर पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. साखर खूप चढली आणि रक्त आम्लधर्मी झालं की बांधून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह फार मानवतं. पेशी सुस्त, साखर मुबलक, लोह मोकळं, वर स्टेरॉइडनं पहारेकरी झोपवलेले. जगभरातल्या १०१ रुग्णांचा एक आढावा २०२१ मध्ये आला, त्यातले ८२ भारतातले होते. १०१ पैकी ८० टक्क्यांना डायबेटिस होता आणि तीन चतुर्थांशांना स्टेरॉइड मिळालेलं होतं.

एका बाजूचा गाल दुखणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट येणं, निरोगी दाढ हलणं, एक पापणी उतरणं. यातलं काहीही शुगरवाल्या माणसाला दिसलं तर आजही त्याच दिवशी कान-नाक-घसावाल्यांना दाखवा. ही बुरशी कोविडबरोबर आली नव्हती आणि त्याच्याबरोबर गेलेलीही नाही.

---

मनीषनगर_७

मी या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या आईची शुगर एकदम कंट्रोलमध्ये होती. तीन महिन्यांची सरासरी ६.६. रोज पहाटे अंबाझरीला फिरायला जायची. सणावाराला सुद्धा पुरणपोळीचा अर्धा तुकडा, त्याच्या वर नाही. सप्टेंबर २०२० मध्ये भरती झाली आणि अकराव्या दिवशी गेली. वय ७१. ते १.१ टक्का आणि ११ टक्के वाचलं आणि वाटलं, मग माझी आई का गेली? तिनं तर सगळं केलं होतं. कंट्रोल, कंट्रोल म्हणतात तेव्हा मला ऐकवत नाही. जणू जे गेले त्यांनी काहीतरी खाल्लं होतं.

---

एमडी_मेडिसिन

मनीषनगर, तुमचं वाचून थांबलो होतो. नीट उत्तर द्यायचं होतं.

त्याच फ्रेंच अभ्यासात सात दिवसांच्या निकालाचा आणि एचबीए१सीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा, संबंध आढळलाच नाही. सरासरी चांगली असणारेही गेले, वाईट असणारेही वाचले. मृत्यूशी जोडलेलं आढळलं ते वय आणि डायबेटिसनं आधीच झालेलं नुकसान: डोळ्यांच्या, किडनीच्या बारीक वाहिन्यांचं, हृदयाच्या मोठ्या वाहिन्यांचं. शिवाय झोपेत श्वास अडकण्याचा त्रास. व्हेंटिलेटर लागण्याशी वजनाचा संबंध दिसला. इंग्लंडमध्ये एचबीए१सी वाढलेल्यांना धोका जास्त दिसला, पण तो अभ्यास देशभरातल्या डायबेटिस असलेल्या सगळ्यांचा होता, आधीच भरती झालेल्यांचा नव्हता. दोन्ही खरं असू शकतं.

तुमच्या आईनं जे सांभाळलं त्यानं तिला त्याआधीची कितीतरी वर्षं चांगली मिळाली. ७१ व्या वर्षी, लस यायच्या आधी, त्या आजारानं तिला नेलं. तिच्या ताटातल्या कशाचाही त्यात दोष नाही. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, आकडेच तसं सांगतात.

---

मनीषनगर_७

धन्यवाद डॉक्टर. बाबांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून बाल्कनीत गेले. पण मोबाइल बरोबर घेऊन गेले.

---

इतवारी_भाऊ

आमच्या घरातला प्रश्न वेगळा आहे जी. काकाजी गोळ्यांवर होते, भरती झाले तेव्हा पहिल्यांदा इन्सुलिन लागलं आणि आठव्या दिवशी गेले. काकीच्या मनात पक्कं बसलंय की इन्सुलिननं गेले. आता काकीचीच शुगर साडेतीनशे, डॉक्टर इन्सुलिन सांगून राहिले आणि ती हात लावू देत नाही. "तुमच्या काकाजींना त्यानंच नेलं" म्हणते. मी इंटरनेटवर वाचलं, तिथंही लिहिलंय की इन्सुलिनवरचे जास्त दगावले आणि मेटफॉर्मिनवाले कमी. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?

---

सिस्टर_अजनी

भाऊ, असं सांगा. वॉर्डात इन्सुलिन कुणाला लागायचं? ज्याची तब्येत जास्त बिघडली त्याला. बरा असलेला माणूस गोळीवर राहायचा. आयसीयूत ज्यांना ठेवलं त्यातले जास्त गेले, म्हणून आयसीयूनं मारलं असं आपण म्हणतो का? काकाजी आधीच जास्त आजारी होते, म्हणून इन्सुलिनपर्यंत पोचले.

माझ्या सासूबाईंनीही सुई नाकारली होती. मी त्यांना समजावलं नाही. आठवडाभर रोज त्यांच्यासमोर शुगर मोजली आणि आकडा त्यांनाच वहीत लिहायला लावला. आठव्या दिवशी स्वतः म्हणाल्या, "दे बाई, टोच."

---

एमडी_मेडिसिन

सिस्टरांनी बरोबर सांगितलं. 'कोरोनाडो'तही भरतीआधी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी आणि इन्सुलिनवाल्यांत जास्त दिसले. पण मेटफॉर्मिन ज्याची किडनी चांगली त्यालाच देतात, आणि इन्सुलिन बहुधा जुन्या, झिजलेल्या डायबेटिसला. औषधाचा गुण आणि माणसाची अवस्था वेगळी काढता येत नाही.

एक गोष्ट इथे जोडतो, ती घरोघरी उपयोगाची आहे. तीव्र आजारात, ऑक्सिजन कमी असताना किंवा किडनी बिघडत असताना मेटफॉर्मिन थांबवावं लागतं, रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीतून साखर काढणाऱ्या गोळ्याही थांबवतात. त्या चालू असताना माणूस जेवत नसेल, उलट्या होत असतील, तर साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढून रक्त आम्लधर्मी होतं आणि पटकन लक्षात येत नाही. म्हणून भरती होताना गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या समोर रिकामी करा. घरून डबीत आणलेल्या गोळ्या गुपचूप चालू ठेवू नका. आणि घरच्या घरी, हा धागा वाचून, काही बंदही करू नका.

---

गोपालनगर_पी

छोटा प्रश्न. मला आधी शुगर नव्हती, म्हणजे कधी तपासलीच नव्हती. कोविडमध्ये भरती झालो तेव्हा २६० निघाली. तेव्हापासून गोळी चालू. ही कोविडनं झाली का?

---

एमडी_मेडिसिन

भरतीच्या वेळचा एचबीए१सी फाइलमध्ये आहे का बघा. ६.५ किंवा जास्त असेल तर डायबेटिस आधीपासून होता, फक्त सापडला तेव्हा. त्याच्या खाली असेल तर ताप, ताण आणि स्टेरॉइडनं चढलेली साखर, जी अनेकांची पुढे उतरली. काहींची उतरली नाही. आज पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा, भरतीच्या वेळच्या आकड्यावर राहू नका. आपल्या देशात सुमारे दहा कोटी लोकांना डायबेटिस आहे असा आयसीएमआरच्या सर्वेक्षणाचा २०२३ मधला अंदाज आहे. त्यातल्या खूप जणांना तो अशाच दुसऱ्या आजाराच्या भरतीत कळतो.

---

वैदर्भी_न (नागपूर)

सगळ्यांचे आभार. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. संत्र्याच्या ज्यूसपाशी ती थांबली. आम्हीही पाठवला होता. रोज एक बाटली, दादा स्वतः पिळायचा.

बाबांचं सांगते. टाळूच्या जागी त्यांना आता प्लेट आहे, ऑब्ट्युरेटर म्हणतात तिला. रात्री काढून ब्रशनं धुतात, वाटीत पाण्यात ठेवतात. प्लेट नसली की त्यांचं बोलणं आम्हा घरच्यांनाच कळतं आणि चहा नाकातून येतो. म्हणून सकाळी प्लेट बसवल्याशिवाय ते कुणाशी बोलत नाहीत. दूधवाला बेल वाजवतो तर हातानंच थांब म्हणतात. पहिले सहा महिने आरसा बघत नव्हते. आता दाढी स्वतः करतात. उजव्या गालाला आधार नाही, तो आतून जिभेनं फुगवून धरतात आणि वस्तरा फिरवतात.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात त्यांना न्यूमोनिया झाला. कोविड नाही, साधाच. दुसऱ्या एका रुग्णालयात भरती केलं. याच धाग्यावरचं वाचून भरतीच्या टेबलावर मी गोळ्यांची पिशवी उलटी केली आणि विचारलं, स्टेरॉइड देणार आहात का, किती दिवस, आणि शुगर दिवसातून किती वेळा बघणार? ड्युटीवरची मुलगी पंचविशीची असेल. तिनं शांतपणे सांगितलं, पाच दिवस, जेवणाआधी तीनदा आणि झोपताना एकदा, दुपारनंतर जास्त लक्ष ठेवू. आईनं घरून तीच वही आणवली. पुढचं कोरं पान काढून पट्टीनं पुन्हा दोन रकाने आखले.

काल रात्रीपर्यंत उजव्या बाजूला एकोणीस आकडे झालेत. सगळ्यात मोठा २४४, पहिल्या दिवशीचा. इन्सुलिन चालू आहे. बाबा नको म्हणाले नाहीत.

---

सिस्टर_अजनी

ताई, इन्सुलिन चालू आहे तर रात्री दोनची पण घ्यायला सांगा. त्या वेळी उतरते आणि झोपेत कळत नाही.

---

वैदर्भी_न (नागपूर)

आत्ताच घेतली. आई जागीच होती. १६८.